जकात नाक्यावर अडलेली साखर

लालबहादूर शास्त्री मार्गाने मुंबईहून ठाण्याकडे निघालात, की मुलुंड संपता संपता एक ठिकाण लागते. त्याचे नाव मुलुंड चेकनाका. बसचा वाहक आजही हेच नाव पुकारतो. पण आज तेथे जकात घेणारा कोणी नाही. १ जुलै २०१७ रोजी जकात बंद झाली. त्यापूर्वी मुंबईच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर महापालिका जकात घेत असे. ट्रकवाला खाली उतरे, कागद दाखवी, पैसे भरी, पावती घेई आणि मगच नाकेदार त्याला आत सोडी. तुमच्या आईवडिलांना विचारा. नाक्यावर लागलेल्या ट्रकांच्या रांगा त्यांनी पाहिलेल्या असतील.

आता अशी कल्पना करा, की एके दिवशी नाक्यावरची पावतीपुस्तकेच संपली. किंवा पावत्या आहेत, पण नाकेदार त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. काय होईल? मागून ट्रक येतच राहणार. रस्ता तुंबणार. इकडे शहरातील गोदामे मात्र रिकामी! माल नाही म्हणून दुकानदार ओरडत आहेत आणि माल तर हाकेच्या अंतरावर, रस्त्यावर उभा आहे.

मधुमेह झालेल्या माणसाच्या शरीरात नेमके हेच घडते. रक्त म्हणजे रस्ता, ग्लुकोज म्हणजे माल, पेशी म्हणजे गोदामे आणि पावती म्हणजे इन्शुलिन. मधुमेह म्हणजे शरीरात साखर फार झाली असे आपण समजतो. ती फार झालेली असते हे खरे, पण रस्त्यावर. जेथे ती हवी, तेथे तिचा तुटवडाच असतो!

रक्तातील एक चमचा साखर

प्रथम हा माल येतो कोठून ते पाहू. पोळीचा एक घास घ्या. भाजी नको, तूप नको, नुसती पोळी. तो न गिळता दोन मिनिटे चावत राहा. हळूहळू तो गोड लागू लागेल. पोळीत साखर घातलेली नव्हती, मग ही गोडी कोठली? पोळीतील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब साखळी. लाळेतील विकर ही साखळी तोडू लागते आणि जिभेला गोडी कळते. उरलेले काम आतड्यात होते. भात, भाकरी, पाव, बटाटा, साबुदाणा, पोहे या सर्वांतील पिष्टाचे अखेर ग्लुकोज होते व ते रक्तात उतरते. म्हणजे 'मी गोड खातच नाही' असे म्हणणाऱ्याच्या रक्तातही जेवणानंतर साखर येतेच.

आता थोडे गणित करू. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. उपाशीपोटी त्याच्या दर १०० मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमच्या आत ग्लुकोज असते. गुणाकार करून पाहा. साऱ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरते फक्त ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! आणि दोन पोळ्या व वाटीभर भात यांतून रक्तात येणारे ग्लुकोज असते साठ-सत्तर ग्रॅम. एक चमचा माल असलेल्या रस्त्यावर एकदम बारा-चौदा चमचे माल उतरतो. तरीही निरोगी माणसाच्या रक्तातील साखर जेवणानंतर साधारण १४०च्या पुढे जात नाही आणि दोन-तीन तासांत पूर्ववत होते. एवढी झटपट वाहतूक कोण सांभाळतो?

स्वादुपिंडातील बेटे

पोटात जठराच्या मागे, आडवे पसरलेले, वीतभर लांबीचे एक इंद्रिय आहे. ते स्वादुपिंड. १८६९ साली पॉल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पेशींचे वेगळेच पुंजके दिसले. समुद्रात बेटे असावीत तसे ते विखुरलेले होते. म्हणून त्यांना पुढे 'लँगरहान्सची बेटे' असे नाव पडले. प्रत्येकाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे १० लाख बेटे असतात. १८८९ साली मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह झाला. रोगाचे मूळ कोठे आहे ते कळले. पण त्या बेटांतून पाझरणारा पदार्थ काही कोणाच्या हाती लागत नव्हता.

तो लागला १९२१ साली, कॅनडातील टोरोंटो येथे. फ्रेडरिक बँटिंग हा तरुण डॉक्टर आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी यांनी तो मिळवला. त्यांच्या पाठीशी प्राध्यापक मॅक्लाउड होते. अर्क शुद्ध करण्याचे काम कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने केले. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्सन या १४ वर्षांच्या मुलाला हे इन्शुलिन प्रथम टोचण्यात आले. मित्रांनो, तो तुमच्याच वयाचा होता. त्या काळी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणे एवढाच उपाय होता आणि तोही मृत्यू थोडा लांबवण्यापुरता. लेनर्ड इन्शुलिनवर पुढे तेरा वर्षे जगला. बँटिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या शोधाचे हक्क टोरोंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. जीव वाचवणाऱ्या औषधावर आपण पैसा करायचा नाही, अशी त्यांची भूमिका होती.

इन्शुलिन ते काय करते? रक्तात ग्लुकोज वाढले, की बेटांतील 'बीटा' पेशींना ते कळते. त्या इन्शुलिन सोडतात. ते रक्तातून स्नायूंच्या व चरबीच्या पेशींपर्यंत जाते आणि त्यांच्या कवचावरील ठरावीक जागी चिकटते. हीच आपली पावती. पावती दिसताच पेशीच्या आत दडलेली ग्लुकोजवाहक प्रथिने कवचाकडे सरकतात, फाटके उघडतात आणि ग्लुकोज आत शिरते. यकृतालाही इन्शुलिन सांगते, 'सध्या माल पुष्कळ आहे. तू आपल्याकडचा बाहेर काढू नकोस, साठव.'

उपमा कोणतीही असो, ती कोठेतरी लंगडी पडतेच. मेंदूच्या पेशींना ग्लुकोज घेण्यासाठी ही पावती लागत नाही. तो कारभार निराळा आहे, हे ध्यानात ठेवा.

पावती नाही, की नाकेदार ऐकत नाही?

नाका दोन कारणांनी तुंबू शकतो हे आपण पाहिले. मधुमेहाचेही मुख्य प्रकार दोन आहेत.

पहिल्या प्रकारात पावत्याच संपतात. रोगजंतूंशी लढणारी शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून स्वतःच्याच बीटा पेशींवर उलटते व त्या नष्ट करते. हा प्रकार बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी दिसतो. मूल एकाएकी वाळू लागते, घटाघटा पाणी पिते, रात्री लघवीला वारंवार उठते. हा रोग गोड खाल्ल्याने होत नाही. यात मुलाचा दोष नाही आणि आईबापांचाही नाही. अशा रुग्णाला बाहेरून इन्शुलिन द्यावेच लागते. कोणताही काढा, पाला वा मंत्र त्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसऱ्या प्रकारात पावत्या असतात, पण नाकेदार जुमानत नाही. स्नायूंत आणि यकृतात चरबी साचली, की इन्शुलिनचा संदेश आत नीट पोचत नाही. मग स्वादुपिंड एका पावतीऐवजी दोन, चार, सहा पावत्या फाडते. काही वर्षे असे निभावते. पण जादा काम करून बीटा पेशी थकतात, कमी होतात, आणि एके दिवशी रक्तातील साखर वाढू लागते. मधुमेहाचे बहुसंख्य रुग्ण या दुसऱ्या प्रकारचे असतात. याशिवाय काही स्त्रियांना गरोदरपणी मधुमेह होतो, तो तिसरा.

साखर फार वाढली, साधारण १८०च्या वर गेली, की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. ती लघवीतून जाऊ लागते. आपल्या प्राचीन वैद्यांनी या लघवीला मुंग्या लागतात हे टिपून ठेवले आणि रोगाला मधुमेह हे नाव दिले. हे रुग्ण दोन तऱ्हांचे असतात, काही कृश आणि काही स्थूल, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते.

कृश माणसाला मधुमेह? होय. आणि येथेच आपल्या देशाची खास गोष्ट सुरू होते.

सडपातळ माणसाचे गुपित

तुमच्या इमारतीत असे एखादे काका असतीलच. अंगाने किरकोळ, सकाळी ८ची लोकल पकडणारे. 'मधुमेह जाड्या माणसांना होतो, मला कसला होतोय!' असे म्हणणारे. पाहायला गेले तर हातपाय काटकुळे, मात्र सदऱ्याखाली पोट थोडे पुढे आलेले. चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे, त्यांनी रक्त तपासायला सांगावे आणि साखर निघावी अडीचशे! काका चकित होतात. तुम्हीही झाला असता. पण पुण्याचे एक डॉक्टर झाले नसते.

पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच कोड्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे याज्ञिक. दोघांचाही देहभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३. (वजन किलोग्रॅममध्ये घ्या आणि त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागा, की हा निर्देशांक मिळतो.) दोघेही दिसायला सडपातळ. पण अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची भरली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दोघांच्याही आडनावाचे इंग्रजी आद्याक्षर वाय, म्हणून या कोड्याला 'वाय-वाय विरोधाभास' असे नाव मिळाले. वजनकाटा दोघांना समान म्हणत होता. शरीराची घडण मात्र वेगळी होती. एकाकडे स्नायू अधिक, दुसऱ्याकडे चरबी अधिक.

ही घडण केव्हा ठरते? याचा शोध घेण्यासाठी याज्ञिक व त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गेले. १९९३ साली सुरू झालेल्या या अभ्यासात गरोदर स्त्रियांचा आहार, त्यांचे काम आणि जन्मलेल्या बाळांची मापे यांची नोंद ठेवण्यात आली. या खेड्यांतील बाळांचे सरासरी वजन होते सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे लहान, यात नवल नव्हते. नवल पुढेच होते. बाळाचे दंड बारीक, स्नायू कमी. पण पाठीवरची कातडी चिमटीत धरून मोजली तर तिच्याखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही! शास्त्रज्ञांनी या बाळांना 'कृश-स्थूल' म्हटले. दिसायला कृश, घडणीने स्थूल. गर्भात पोषण तोकडे पडले, की शरीर मेंदू आणि चरबी यांना आधी जपते आणि काटछाट स्नायूंच्या वाट्याला येते, असा याचा अर्थ लावला जातो. आईच्या रक्तातील बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मुलांचे शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद न देणे, यांच्यातही संबंध दिसून आला.

आता पुन्हा आपल्या नाक्याकडे या. जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज साठवून घेणारे सर्वात मोठे गोदाम कोणते? स्नायू! ज्याचे स्नायू कमी, त्याचे गोदाम लहान. चरबी अधिक, म्हणून नाकेदारही हट्टी. अशा शरीरात भरपूर माल येऊ लागला आणि हालचाल थांबली, की रस्ता तुंबायला कितीसा वेळ लागणार? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीने देशातील मधुमेही प्रौढांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. एवढ्या मोठ्या संख्येमागे पुष्कळ कारणे आहेत. लहान गोदाम हे त्यांतले एक.

तुंबलेला रस्ता खचतो

रक्तात साखर वाढल्याने दुखत तर काही नाही. मग एवढी चिंता का? कारण रस्ताच बिघडतो. ग्लुकोज प्रथिनांना चिकटते. ते जितके जास्त आणि जितके दिवस रेंगाळते, तितके अधिक चिकटते. त्यामुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होते. आधी बारीक वाहिन्यांना झळ लागते. डोळ्यांच्या पडद्यातील वाहिन्या बिघडल्या तर दृष्टी जाते. मूत्रपिंडाच्या गाळण्या बिघडल्या तर ती निकामी होतात. पायांच्या नसा बधिर झाल्या, की चप्पल लागून झालेली जखम कळत नाही आणि चिघळते. मोठ्या वाहिन्या बिघडल्या तर हृदयविकार आणि पक्षाघात. हे सर्व वर्षानुवर्षे गुपचूप चालते, आणि म्हणूनच ते भयंकर आहे.

डॉक्टरांनी या चिकटण्याचाच उपयोग करून घेतला आहे. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांतील हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांना ग्लुकोज चिकटले आहे हे मोजले, की गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून या चाचणीला फसवता येत नाही! तिला 'एचबीए१सी' म्हणतात. ती ६.५ टक्के किंवा अधिक आली, किंवा उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ किंवा अधिक भरली, तर मधुमेह समजतात. एरवी खात्रीसाठी चाचणी पुन्हा करतात. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा.

मुलुंडच्या प्रयोगशाळेतील एक मूळ

इन्शुलिनच्या या कथेत मुलुंडचाही लहानसा वाटा आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? लालबहादूर शास्त्री मार्गावर हेक्स्ट या औषध कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथील शास्त्रज्ञ भारतीय वनस्पती तपासत असत. १९७०च्या दशकात त्यांनी एका वनस्पतीच्या मुळातून एक नवा पदार्थ वेगळा केला. ती वनस्पती म्हणजे जिच्या मुळांचे गुजराती घरांत 'गरमर' नावाने लोणचे घालतात तीच. या पदार्थाला फोर्स्कोलिन म्हणतात. संशोधकांचे लक्ष तेव्हा हृदय आणि रक्तदाब यांवर होते. १९८१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हा पदार्थ पेशीतील एका विकराला थेट चालना देतो आणि 'चक्रीय एएमपी' नावाच्या अंतर्गत निरोप्याचे प्रमाण वाढवतो. बीटा पेशींत हा निरोप्या वाढला, की ग्लुकोज पाहून सुटणारे इन्शुलिन अधिक सुटते! त्यामुळे बीटा पेशींचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत फोर्स्कोलिन हे नेहमीचे हत्यार बनले.

पण सावध! म्हणून गरमरचे लोणचे हे मधुमेहाचे औषध ठरत नाही. प्रयोगशाळेतील हत्यार आणि रुग्णाचे औषध यांत फार अंतर असते. लोणच्यातले मीठ मात्र नक्की बाधेल. ते केंद्र आज त्या नावाने उरलेले नाही. त्याने शोधलेला पदार्थ मात्र जगभर वापरात आहे.

पावतीशिवाय उघडणारे फाटक

आता सर्वात आनंदाची गोष्ट. स्नायूंच्या गोदामाला मागच्या बाजूने आणखी एक फाटक असते आणि त्याला पावती लागत नाही! तुम्ही चालता, धावता, जिना चढता, तेव्हा आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनच्या आज्ञेची वाट न पाहता ग्लुकोजवाहक प्रथिने कवचाकडे पाठवतो. नाकेदार कितीही हट्टी असो, कष्ट करणारा स्नायू आपला माल उचलतोच. शिवाय व्यायामानंतर कित्येक तास तो नाकेदारही जरा मऊ झालेला असतो. 'डॉक्टर चालायला का सांगतात?' या प्रश्नाचे हे खरे उत्तर आहे. चालण्याने केवळ 'चरबी जळते' असे नव्हे; चालण्याने फाटक उघडते.

याचा पुरावा? चेन्नईत डॉ. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. आहारात बदल आणि रोज किमान अर्धा तास भरभर चालणे, एवढ्याने सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण जवळजवळ २८ टक्क्यांनी घटले. अमेरिकेतील २००२च्या मोठ्या प्रयोगात ते ५८ टक्क्यांनी घटले होते. म्हणजे प्रत्येकाचा मधुमेह टळेल असे नाही. आनुवंशिकता आपल्या हाती नाही. पण पुष्कळांचा टळतो आणि पुष्कळांचा लांबतो.

आणि तुमच्या वयाचे महत्त्व ते हेच. कुमारवयात स्नायू भराभर वाढतात. गोदाम बांधायचा हंगाम हाच! संभाजी मैदानावर कबड्डी खेळा, योगी हिल्सच्या चढावर चाला, स्थानकाचा पूल सरकत्या जिन्याने न चढता पायांनी चढा. आता बांधलेले गोदाम पुढे नोकरीच्या, लोकलच्या आणि खुर्चीच्या दिवसांत कामी येते.

जेवणाचे काय? वडापाव वर्ज्य नाही. पण वडापाव म्हणजे पिष्टात पिष्ट आणि वर तळण. तो रोजचे जेवण होऊ नये. ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि कोशिंबिरीचा, पाव भाग उसळ, डाळ, दही, अंडे किंवा मासे यांचा आणि पाव भाग भात-भाकरीचा ठेवा. चोथा आणि प्रथिने सोबत असली, की ग्लुकोज हळू उतरते. ट्रक एकदम न येता एकेक करून येतात. बाटलीतल्या गोड पेयाच्या लेबलावर साखरेचे ग्रॅम वाचा आणि पाचाने भागा. किती चमचे झाले ते पाहून तुम्हीच ठरवा.

वर्गातला एक मित्र

समजा, तुमच्या वर्गातील एखाद्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. तो डब्याआधी सुई टोचून घेतो. त्याच्याकडे टक लावून पाहू नका, आणि त्याची कीवही करू नका. हा रोग संसर्गाने पसरत नाही. त्याच्या डब्यातला घास खाल्ल्याने तुम्हाला काही होत नाही. तो खेळू शकतो, धावू शकतो. पाकिस्तानचा गोलंदाज वसीम अक्रम याला १९९७ साली मधुमेह असल्याचे कळले. इन्शुलिन घेत घेत तो खेळत राहिला आणि २००३च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला ५००वा बळी घेतला!

एक गोष्ट मात्र वर्गातील सर्वांना आणि शिक्षकांना ठाऊक असायला हवी. इन्शुलिन घेतले आणि खाणे राहून गेले, किंवा खेळ फार झाला, तर साखर एकदम उतरते. ती ७०च्या खाली गेली, की घाम फुटतो, हात थरथरतात, भूक लागते, मुलगा चिडचिडा होतो किंवा बरळू लागतो. अशा वेळी शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. मग थोडे खायला द्या. त्याला एकटे सोडू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि ताबडतोब डॉक्टर किंवा रुग्णवाहिका बोलवा. एवढी माहिती एखाद्याचा जीव वाचवू शकते.

घरातील मधुमेही आजी-आजोबांचेही असेच. गोळ्या किंवा इन्शुलिन वेळेवर आणि डॉक्टरांना न विचारता बंद नाही, वर्षातून एकदा डोळे आणि मूत्रपिंड यांची तपासणी, रक्तदाबावर नजर, आणि रोज रात्री पायांची पाहणी. आजोबांना वाकून तळपाय पाहता येत नाहीत, तुम्हाला येतात. एखादा फोड, चीर, काटा दिसला तर सांगा. हे काम नातवंडांएवढे चांगले कोण करणार?

करून पाहा

साहित्य: न ताणणारी सुतळी.

आपल्या उंचीएवढी सुतळी कापा. तिची मधोमध घडी घाला. ही निम्मी सुतळी श्वास सोडलेल्या पोटाभोवती, बेंबीच्या पातळीवर, न आवळता गुंडाळा. टोके एकमेकांना मिळाली तर ठीक. अंतर राहिले तर कंबर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे. चरबी पोटात साठत आहे, असा तो इशारा समजावा. काटा न सांगणारी गोष्ट सुतळी सांगते. ही चाचणी प्रथम घरातील मोठ्या माणसांवर करा. आणि लक्षात ठेवा, हे निदान नव्हे. सुतळी अपुरी पडली, किंवा घरात कोणाला मधुमेह असला, तर तिशी ओलांडलेल्या मंडळींना महापालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासून घ्यायला पाठवा. वर्गात कोणी कोणाच्या सुतळीवरून चेष्टा करायची नाही, हा या प्रयोगाचा पहिला नियम.

१४ नोव्हेंबर हा आपला बालदिन. बँटिंगचा जन्मही १४ नोव्हेंबरचाच, १८९१ सालचा. म्हणून तोच दिवस जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. हा योगायोग खरा. पण ज्या रोगाचे बी लहानपणी पडते आणि ज्याविरुद्धची तटबंदीही लहानपणीच बांधता येते, त्याला हा दिवस शोभून दिसतो. या बालदिनी खाऊ जरूर खा. आणि संध्याकाळी आजोबांचा हात धरून पाच रस्त्यापर्यंत एक फेरी मारून या. दोघांचीही फाटके उघडतील.